डिलीट झालेल्या फोटोंची पुनर्प्राप्ती (स्मार्टफोन)

स्मार्टफोनच्या इंटर्नल मेमरीतून काढून टाकलेले फोटो परत मिळवण्याचे उपाय. बोलण्यात यालाच ‘फोटो रिकव्हरी’ म्हणतात. मात्र आजच्या फोनांत परत मिळणारा फोटो बहुतेक वेळा खऱ्या अर्थाने पुसला गेलेलाच नसतो.

ही कल्पना मूळची हार्ड डिस्क आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाच्या काळातली. तिथे फाइल डिलीट केली की फक्त तिची नोंद जाते. आतला डेटा त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राहतो. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्राम याचाच फायदा घेतो. नोंदींकडे न बघता तो सगळी साठवण चाळतो आणि जेपीईजी फाइलच्या आरंभीचे ‘एफएफ डी८ एफएफ’ हे ठरावीक बाइट शोधतो. फोनमधल्या मायक्रोएसडी कार्डावरचे फोटो आजही असे निघू शकतात, पण डिलीट होताच कार्ड बाहेर काढलेले हवे.

इंटर्नल मेमरीची गोष्ट वेगळी. ती नँड फ्लॅश प्रकारची असते आणि तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक (मेमरीचा मोठा तुकडा) कोरा करावा लागतो. म्हणून कोणती जागा आता नको आहे, हे ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीच्या कंट्रोलरला (तिचा कारभार सांभाळणाऱ्या भागाला) कळवते. या सूचनेला ‘ट्रिम’ म्हणतात. अँड्रॉइडमध्ये ती ४.३ आवृत्तीपासून (२०१३) आहे. फोन चार्जिंगला लावून नुसता पडलेला असताना हे काम उरकले जाते, आणि पुढे कंट्रोलर सवडीने ते ब्लॉक कोरे करतो. त्याहून मोठी अडचण एन्क्रिप्शनची, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवण्याची. आयफोनमध्ये प्रत्येक फाइलला स्वतंत्र किल्ली असते. फाइल गेली की किल्लीही जाते. अँड्रॉइडने फाइलनिहाय एन्क्रिप्शन ७.० मध्ये (२०१६) आणले आणि आवृत्ती १० सह (२०१९) बाजारात येणाऱ्या फोनांना ते सक्तीचे केले. न्यायवैद्यक तपासात चिप उपसून वाचण्याची ‘चिप-ऑफ’ पद्धत आहे, पण अशा फोनातून तिच्या हाती निरर्थक बाइटच लागतात.

केबलने संगणकाला जोडूनही फारसे साधत नाही, कारण फोन फाइलींची यादी दाखवतो, कच्ची साठवण उघडी करत नाही. त्यासाठी रूट करावे, म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा मिळवावा, तर बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करताना सहसा फोनमधला सगळा डेटाच पुसला जातो! ‘डीप स्कॅन’च्या नावाखाली पैसे मागणारी बरीच ॲप्स गॅलरीचे कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) उरलेले थंबनेल, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रती, तेवढे शोधून दाखवतात. त्यांच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

उपयोगी पडते ती कचरापेटी. आयफोनमध्ये आयओएस ८ पासून (२०१४) ‘रिसेंटली डिलीटेड’ अल्बम आहे. त्यात फोटो ३० दिवस, कधी ४० दिवसांपर्यंत राहतो. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. सॅमसंगच्या गॅलरीतही ३० दिवसांचे रिसायकल बिन आहे. मे २०२४ मध्ये आयओएस १७.५ टाकल्यावर काही जणांना फार पूर्वी डिलीट केलेले फोटो पुन्हा दिसू लागले. ॲपलने डेटाबेसमधल्या बिघाडाकडे बोट दाखवले आणि १७.५.१ मध्ये दुरुस्ती दिली. म्हणजे यादीतून गेलेल्या त्या फाइली फोनमध्येच होत्या.

सिंकला (सगळ्या उपकरणांवर एकच संग्रह ठेवण्याला) बॅकअप समजणे ही नेहमीची गफलत. आयक्लाउड फोटोज चालू असताना एका उपकरणावर डिलीट केलेला फोटो सगळीकडून जातो. गूगल फोटोज ॲपमधून डिलीट केले तरी क्लाउडमधली प्रतही ट्रॅशमध्ये जाते. मुदत उलटली असेल तर उरते ती दुसरीकडे गेलेली प्रत. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप पाठवलेले फोटो ‘व्हॉट्सॲप इमेजेस’मधल्या ‘सेंट’ फोल्डरात वेगळे ठेवते, त्यामुळे कॅमेऱ्यातला मूळ फोटो गेला तरी तिथे किंवा ज्याला पाठवला त्याच्याकडे तो सापडू शकतो. ही प्रत आक्रसलेली असते: रिझोल्यूशन कमी, आणि फोटो कुठे काढला ही माहिती गळालेली.