दुय्यम आघातजन्य ताण (आपत्कालीन सेवेतील मानसतज्ज्ञांमधील)

दुसऱ्यावर कोसळलेल्या आघाताचा तपशील कामाचा भाग म्हणून वारंवार ऐकल्याने मदतकर्त्याला जडणारा ताण. त्याची लक्षणे आघातोत्तर ताण विकृतीच्या (भीषण प्रसंगानंतर जडणारा मनोविकार, पीटीएसडी) लक्षणांशी जवळजवळ जुळतात. फरक असतो तो आघात मदतकर्त्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला यात. बचावलेल्यांशी, मृतांच्या नातेवाइकांशी आणि बचाव पथकातील जवानांशी बोलणारे मानसतज्ज्ञ या तिन्ही बाजूंनी ऐकत असल्याने त्यांना याचा धोका विशेष.

संकल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सारा हेली यांनी १९७४ मध्ये, अत्याचाराची हकीकत ऐकताना उपचारकाची काय अवस्था होते हे नोंदवले. काही अभ्यासक उगम तेथे मानतात. मात्र त्या लेखनाची चौकट मनोविश्लेषणातील प्रतिसंक्रमणाची, म्हणजे रुग्णामुळे उपचारकाच्या मनात उठणाऱ्या भावनांची होती. लिसा मॅकॅन आणि लॉरी अॅन पर्लमन यांनी १९९० मध्ये ‘परोक्ष आघात’ ही कल्पना मांडली. तिचा भर लक्षणांवर नसून सुरक्षितता, विश्वास, नियंत्रण यांविषयीच्या उपचारकाच्या मूळ धारणा हळूहळू बदलत जाण्यावर आहे. चार्ल्स फिग्ली यांनी १९९५ च्या ग्रंथात दुय्यम आघातजन्य ताण आणि ‘करुणेचा थकवा’ हे शब्द जवळपास एकाच अर्थाने वापरले. बेथ स्टॅम यांच्या मांडणीत मात्र करुणेचा थकवा ही व्यापक संज्ञा असून दुय्यम ताण आणि कामाने येणारी गळाठी (बर्नआउट) हे तिचे दोन घटक ठरतात. आपत्कालीन कामापुरता स्टॅम यांचा भेद अधिक उपयोगी वाटतो. गळाठी महिनोन्‌महिन्यांच्या कामाने साचत जाते, तर दुय्यम ताण एखाद्याच हकीकतीने अचानक सुरू होऊ शकतो, आणि दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने (२०१३) आघाताच्या घृणास्पद तपशिलांशी व्यवसायामुळे वारंवार किंवा टोकाचा संबंध येणे हे आघातोत्तर ताण विकृतीच्या निकषात घेतले. पडद्यावर किंवा चित्रफितीत पाहिलेले दृश्य तेथे कामाचा भाग असेल तरच धरले जाते. ब्रायन ब्राइड व सहकाऱ्यांची २००४ ची १७ प्रश्नांची मापनश्रेणी मागील सात दिवसांतील अनाहूत आठवणी, टाळाटाळ आणि अतिजागरूकता मोजते.

ओळख पटवायला आलेल्या बापाशेजारी बसलेला मानसतज्ज्ञ मृतदेह पाहतोच असे नाही. पण शर्ट कोणता होता, हात कसा सुटला, शेवटचा फोन कधी आला हे तो ऐकतो, आणि तेच पुढे आईकडून, भावाकडून पुन्हा ऐकतो. न पाहिलेले दृश्य मग झोपेत येऊ लागते. फोन वाजला की दचकायला होते, पुलावरचा रस्ता टाळला जातो, ठरलेली भेट पुढे ढकलली जाते.

सातारा-सांगली पट्ट्यात अशा प्रसंगांची परंपरा मोठी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप आघातोत्तर ताण विकृतीला नाव मिळण्याच्या (१९८०) आधीचा. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्या काळूबाई यात्रेतील चेंगराचेंगरीत २९० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळजवळ बोट उलटली, तर जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ४५ फुटांवर गेली की सांगलीत धोका घोषित होतो. त्या दिवसांत छावणीत ऐकायला बसणाऱ्याचे स्वतःचे घरही कधी पाण्यात असते. अशा वेळी प्रत्यक्ष आणि दुय्यम आघात वेगळे करणे कठीण, आणि केवळ प्रश्नावलीच्या गुणांवर ‘दुय्यम’ असा शिक्का मारणे घाईचे ठरते.

प्रसंगानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून सगळे बोलून घेण्याची जेफ्री मिचेल यांची पद्धत (१९८३) दीर्घकाळ रूढ होती. एकाच बैठकीतील अशा चर्चेने आघातोत्तर ताण विकृती टळत असल्याचा पुरावा कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित, पद्धतशीर आढावा) मिळाला नाही, त्यामुळे तिची सक्ती करणे इष्ट मानले जात नाही. अनुभवी वरिष्ठाचे नियमित पर्यवेक्षण, पाळ्या बदलणे आणि भीषण प्रकरणे एकाच व्यक्तीकडे न साचू देणे यांवर आता भर आहे. विकृती पक्की झाल्यास आघातकेंद्री बोधनात्मक वर्तनोपचार, म्हणजे आघाताविषयीचे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारे उपचार, दिले जातात. पूरग्रस्त जिल्ह्यात पर्यवेक्षक शक्यतो बाहेरचा असावा, कारण स्थानिक वरिष्ठही त्याच पुरातून जात असतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा (१४४१६) मदतकर्त्यांनाही खुली आहे, परंतु ती पर्यवेक्षणाची जागा घेऊ शकत नाही.