दिएन बिएन फूचा वेढा

दिएन बिएन फूचा वेढा (१३ मार्च ते ७ मे १९५४) : फ्रेंच वसाहती सत्ता आणि हो चि मिन्ह यांच्या नेतृत्वाखालील व्हिएतमिन्ह ही स्वातंत्र्यवादी संघटना यांच्यात १९४६ पासून चाललेल्या युद्धाचा शेवट घडवणारी लढाई. व्हिएतनामच्या वायव्य टोकाला, लाओसच्या सरहद्दीलगतच्या खोऱ्यात फ्रेंचांनी मोर्चेबंद केलेल्या टेकड्यांसाठी ती ५६ दिवस चालली आणि तिथल्या फ्रेंच शिबंदीच्या पाडावाने संपली.

हे खोरे सुमारे १८ किलोमीटर लांब आणि ६ ते ८ किलोमीटर रुंद आहे. मधून नाम रोम नदी वाहते, दोन्ही काठांना स्थानिक ताई जमातीच्या लोकांची भातशेती आणि सभोवती दाट जंगलाचे डोंगर. लाओसकडे जाणारी वाट इथूनच जाते. ती अडवावी आणि व्हिएतमिन्हच्या फौजेला उघड्यावर लढायला भाग पाडावे, या हेतूने फ्रेंच सेनापती आंरी नावार यांनी २० नोव्हेंबर १९५३ रोजी इथे छत्रीधारी सैनिक उतरवले. हानोई हवाई मार्गाने जवळपास ३०० किलोमीटर दूर होते. रस्त्याने रसद येणे शक्य नव्हते. सारी मदार खोऱ्यातल्या जुन्या धावपट्टीवर होती.

खोलगट खोऱ्यात तळ टाकून डोंगर शत्रूला मोकळे ठेवले, हा निव्वळ मूर्खपणा होता, असे या लढाईबद्दल वारंवार लिहिले जाते. ते पुरते खरे नाही. १९५२ च्या अखेरीस ना सान इथे विमानांच्या आधाराने चालवलेल्या अशाच तळावर व्हिएतमिन्हचे हल्ले फसले होते आणि नावार यांच्यासमोर तो दाखला होता. चूक झाली ती शत्रूच्या ताकदीच्या अंदाजात. जड तोफा एवढ्या दुर्गम डोंगरांत येणार नाहीत, आल्याच तर तोंड उघडताच आपण त्या उडवू, अशी खात्री तोफखान्याचे प्रमुख कर्नल शार्ल पिरॉथ देत होते.

तळाचे प्रमुख कर्नल क्रिस्तियाँ द कास्त्री यांनी टेकड्यांना आणि ठाण्यांना बायकांची नावे दिली होती : उत्तरेला गाब्रिएल, ईशान्येला बेआत्रिस, वायव्येला आन-मारी, पूर्वेला दोमिनिक आणि एलियान, धावपट्टीच्या पश्चिमेला ह्युगेत, दक्षिणेला क्लोदीन, तर आणखी दक्षिणेला काही किलोमीटरवर एकटे पडलेले इझाबेल. बंकरांसाठी लाकूड पुरेना म्हणून ताई गावकऱ्यांची घरे मोडून खांब-फळ्या नेल्या गेल्या. ज्यांच्या शेतावर हे युद्ध झाले, त्यांचे नुकसान असे पहिला तोफगोळा पडण्याआधीच सुरू झाले होते. शिबंदीत फ्रेंच होते, फ्रेंच सैन्याच्या परकीय पलटणीतले (फॉरेन लीजन) अनेक जर्मन होते. पण अल्जीरियन, मोरोक्कन, पश्चिम आफ्रिकी, ताई आणि व्हिएतनामी सैनिकांची संख्या मोठी होती. एका वसाहतीतले लोक दुसरी वसाहत राखायला आणले होते.

व्हिएतमिन्हचे सेनापती व्हो न्गुयेन ज्याप एकेकाळी इतिहास शिकवत. चिनी सल्लागारांच्या संमतीने ठरलेला पहिला बेत एका झपाट्यात तळ घेण्याचा होता आणि त्यासाठी जानेवारीअखेरचा मुहूर्तही ठरला होता. ज्याप यांनी तो ऐनवेळी रद्द केला. सैनिकांनी दोरखंडांनी डोंगरावर ओढून चढवलेल्या तोफा पुन्हा हातांनीच मागे न्याव्या लागल्या. या माघारीत घसरणारी तोफ अडवताना तो व्हिन्ह दिएन हा सैनिक चिरडून मेला. लढाईचा निकाल लावणारा निर्णय कोणता, असे विचारले तर हाच. घाईचा हल्ला बहुधा ना सानसारखाच फसला असता.

त्यानंतरचे सहा-सात आठवडे वाहतुकीत आणि खोदकामात गेले. सुमारे २ लाख ६० हजार नागरिक हमालीला लावले गेले. जवळपास २० हजार सायकली तांदूळ वाहत होत्या. हँडलला बांबू बांधून त्या चालत ढकलल्या जात आणि एकेकीवर २०० किलोहून अधिक ओझे लादलेले असे. चीनकडून मिळालेल्या १०५ मिलिमीटरच्या अमेरिकी बनावटीच्या तोफा डोंगराच्या पोटात, खोऱ्याकडे तोंड करून, खोदलेल्या भुयारांत बसवल्या गेल्या. विमानातून त्या दिसत नव्हत्या आणि फ्रेंच तोफांच्या माऱ्याने मोडतही नव्हत्या.

१३ मार्चला संध्याकाळी पाचच्या सुमारास मारा सुरू झाला आणि त्याच रात्री बेआत्रिस पडले. १५ तारखेला सकाळी अल्जीरियन सैनिकांनी राखलेले गाब्रिएल गेले. दिलेली खात्री खोटी ठरलेली पाहून पिरॉथ यांनी हातबॉम्बने आत्महत्या केली. दोन दिवसांनी आन-मारीवरच्या ताई सैनिकांपैकी बहुतेकांनी ठाणे सोडले. आता धावपट्टी थेट माऱ्यात आली. २८ मार्चच्या पहाटे उतरलेले जखमींसाठीचे विमान तिथेच निकामी झाले आणि त्यातली परिचारिका झनव्हिएव द गालार वेढ्यात अडकली. पुढे माणसे आणि माल, सगळे छत्रीनेच येऊ लागले. घेरा आवळत गेला तसा बराच माल शत्रूच्या हद्दीत पडू लागला.

खरी झुंज पूर्वेच्या टेकड्यांवर झाली. नदीपलीकडचे मुख्य ठाणे त्यांच्या टप्प्यात होते. ३० मार्चच्या संध्याकाळी व्हिएतमिन्हने दोमिनिक आणि एलियानवर एकदम चढाई केली. काही टेकड्या तासाभरात पडल्या, काही हातघाईत पुन्हा पुन्हा हात बदलत राहिल्या. १० एप्रिलला मार्सेल बिजार यांच्या छत्रीधारींनी एलियान-१ परत जिंकली. व्हिएतमिन्ह जिला ए-१ म्हणत त्या एलियान-२ ने मात्र हल्लेखोरांचे अतोनात रक्त घेतले. माथ्यावरच्या जुन्या सरकारी घराच्या तळघराचा तिथे पक्का बंकर झाला होता. एप्रिलमध्ये ज्याप यांच्या फौजेचे मनोबलही ढासळले होते, तेव्हा त्यांनी समोरासमोरचे हल्ले थांबवून चर पुढे नेण्यावर भर दिला. शेकडो किलोमीटरचे चर ठाण्यांना वेढत गेले. त्यातच पावसाळा लागला आणि दोन्ही बाजूंचे खंदक चिखलाने भरले.

ए-१ साठी अखेर जुन्या काळच्या वेढ्यांतला उपाय वापरला गेला. टेकडीखाली भुयार खणून जवळपास टनभर स्फोटके ठासली आणि ६ मेच्या रात्री सुरुंग उडवला. कॅप्टन झां पूजे यांची तुकडी त्यानंतरही पहाटेपर्यंत लढली. ७ मेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास द कास्त्री, आता ब्रिगेडियर जनरल, आपल्या बंकरात पकडले गेले. इझाबेलच्या शिबंदीचा निसटण्याचा प्रयत्न त्याच रात्री फसला.

दहा हजारांवर सैनिक कैद झाले. लांबचा पायी प्रवास, उपासमार आणि आजार यांतून तगून महिन्यांनंतर परतले ते सुमारे ३,३००. उरलेल्यांत व्हिएतनामी सैनिक बरेच होते आणि त्यातल्या अनेकांचा पत्ता कधी लागला नाही. जिंकलेल्या बाजूचे मृत व्हिएतनामी आकड्यांनुसार चार हजारांवर, पाश्चात्त्य अंदाजांनुसार त्याच्या दुपटीच्या आसपास आहेत.

जिनिव्हा परिषदेत इंडोचायनाची चर्चा दुसऱ्याच दिवशी, ८ मेला, सुरू झाली. जुलैत करार झाला आणि व्हिएतनाम १७ व्या अक्षांशाजवळ तात्पुरता विभागला गेला. भारत वाटाघाटींत सहभागी नसतानाही त्याचे प्रतिनिधी कृष्ण मेनन तिथे पडद्याआड मध्यस्थी करत होते. युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड त्याचे इतर सदस्य होते. पंडित नेहरूंनी ऑक्टोबर १९५४ मध्ये हानोईत हो चि मिन्ह यांची भेट घेतली. १ नोव्हेंबरला अल्जीरियातही फ्रेंचांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला. दिएन बिएन फूहून परतलेल्या अल्जीरियन सैनिकांपैकी काही पुढे त्यात सामील झाले.