पट पंचवीसचा, निकाल नशिबाचा

शिष्यवृत्तीचे निकाल लागले की गावात फ्लेक्स झळकतात, ‘शंभर टक्के निकाल!’ परीक्षेला मुलं किती बसली होती, हे त्यावर नसतं. पुढच्या वर्षी त्याच शाळेचा निकाल निम्म्यावर आला की पारावर ठरतं, जुन्या बाईंना हातगुण होता, त्यांची बदली झाली आणि शाळा बसली.

हातगुणाचं राहू द्या. पण निकाल वर-खाली झाला म्हणजे शाळाच सुधारली किंवा बिघडली, हा समज अमेरिकेने कायद्यातच घातला. जानेवारी २००२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि २०१४ पर्यंत सगळ्यांनी ‘प्रवीण’ श्रेणी गाठायची. सरकारी निधी घेणारी शाळा सलग दोन वर्षं त्या-त्या वर्षाचं उद्दिष्ट चुकली, की पालकांना मूल दुसरीकडे हलवायची मुभा. पुढेही चुकत राहिली तर शिक्षक बदलण्यापर्यंत पाळी.

आता थोडं गणित. एका शाळेत शिकवणं असं आहे की कुठलंही मूल पास होण्याची शक्यता ६० टक्के. शिक्षक तेच, पुस्तकं तीच. वर्गात मुलं २५. म्हणजे सरासरी १५ पास व्हायला हवीत, पण दरवर्षी येणारी मुलं वेगळी. निकाल सरासरीपासून किती हेलकावतो, याचं माप ०.६ गुणिले ०.४ भागिले २५ याचं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ०.१. दहा टक्के! साधारण तीन वर्षांतून एकदा या शाळेचा निकाल ५० च्या खाली किंवा ७० च्या वर जाणार, आणि शाळेत काहीही बदललेलं नसणार. मुलं ४०० असती तर हाच हेलकावा अडीच टक्क्यांचा. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत एका इयत्तेत सरासरी सत्तरच्या आसपासच मुलं असतात, हे थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच दाखवलं होतं.

म्हणून गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला छोट्या शाळांची गर्दी दिसते. ती पाहून गेट्स फाउंडेशनसारख्यांनी छोट्या शाळांवर भरपूर पैसा ओतला. यादीच्या तळाशीही छोट्या शाळांचीच गर्दी असते. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी पेनसिल्व्हेनियाच्या आकडेवारीत ती दाखवली.

कायद्यात आणखी एक मेख होती. वंश, गरिबी, अपंगत्व, इंग्रजी न येणं असे गट पाडून प्रत्येक गटाने दोन्ही विषयांत स्वतंत्रपणे उद्दिष्ट गाठायचं. समजा गट चार, म्हणजे कसोट्या आठ. प्रत्येक कसोटी पार करण्याची शक्यता ९० टक्के धरली आणि कसोट्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं मानलं, तर आठही पार होण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे ४३ टक्के. एकच गट असलेल्या शाळेला दोनच कसोट्या, तिची शक्यता ८१ टक्के. सगळ्या तऱ्हेची मुलं सामावून घेणाऱ्या शाळेवरच ‘नापास’चा शिक्का बसायची भीती जास्त.

अशा वेळी शाळा काय करणार? ‘सेंटर ऑन एज्युकेशन पॉलिसी’ या अमेरिकी अभ्याससंस्थेच्या २००७ च्या पाहणीत ६२ टक्के शालेय जिल्ह्यांनी (तिथे शाळा चालवणारे स्थानिक विभाग) प्राथमिक वर्गांत भाषा किंवा गणिताचा वेळ वाढवल्याचं सांगितलं. ४४ टक्क्यांनी विज्ञान, समाजशास्त्र, कला, खेळ, अगदी मधल्या सुट्टीतूनही वेळ कापला होता. काहीच फायदा झाला नाही असं मात्र नाही. चौथीच्या मुलांचं गणित सुधारल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. वाचनात तसं काही हाती लागलं नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा आला. शिक्षेचे नियम राज्यांकडे गेले, वार्षिक परीक्षा राहिली. गटाचा निकाल मोजायला किमान किती मुलं हवीत, हेही राज्यंच ठरवतात. ही संख्या दहा ठेवली तर निकाल हेलकावतो; तीस केली तर छोट्या शाळेतली अपंग मुलं हिशेबातूनच गळतात.