सुविचार फलक

सुविचार फलक : श्रद्धा, धैर्य, नेतृत्व, सदाचार अशा विषयांवरील एखादे वचन रोज लिहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा जागी ठेवण्याची प्रथा आणि त्यासाठी वापरला जाणारा फळा. गोव्यात मराठी प्राथमिक शाळा, गावची वाचनालये, देवस्थानांच्या अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याच्या इमारती) आणि भजनी मंडळांच्या खोल्या ही त्याची नेहमीची ठिकाणे. फलक लिहिणे सोपे वाटते, पण वचन निवडताना आणि उतरवून घेताना पुष्कळ चुका होतात. त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे वचन अर्धे तोडणे.

दासबोधातील ‘सामर्थ्य आहे चळवळीचे, जो जो करील तयाचे’ हा अर्धा भाग सर्वत्र दिसतो. ओवी मात्र पुढे ‘परंतु तेथे भगवंताचे, अधिष्ठान पाहिजे’ अशी पूर्ण होते. चळवळ, ती करणाऱ्याचा पुढाकार आणि तिच्या पायाशी असलेली श्रद्धा हे तिन्ही एकाच ओवीत आहे. ‘परंतु’पासूनचा भाग गाळला की समर्थांनी घातलेली अटच नाहीशी होते. तुकारामांच्या ‘रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग’ या ओळीचेही असेच होते. पुढचा ‘अंतर्बाह्य जग आणि मन’ हा चरण न लिहिल्याने ती रणघोषणा वाटू लागते. तुकाराम ज्या धैर्याविषयी बोलतात, ते बाहेरच्या जगाइतकेच स्वतःच्या मनाशी झुंजण्याचे आहे. म्हणून फलकावर चरण नव्हे, पूर्ण ओवी किंवा अभंगाचे पूर्ण कडवे घ्यावे. ते मावत नसेल तर दुसरे वचन शोधावे.

गोव्यासाठी जवळचे उगम बरेच आहेत. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये (जन्म 1714, बांदा) यांचे घराणे मूळचे पेडणे तालुक्यातील पालये गावचे. विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. ‘हरिभजनाविण काळ घालवू नको रे, अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे’ ही त्यांची ओळ गोव्यातल्या भजनात इतकी मुरलेली आहे की फलकावर ती वाचणारे अनेकदा चालीवरच वाचतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूर (राशोल) येथे छापले गेले. ख्रिस्ती मुले असलेल्या शाळेत त्यातली एखादी ओवी किंवा बायबलमधील 23व्या स्तोत्राची ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही सुरुवात श्रद्धा या विषयाला दिलेल्या आठवड्यात अवश्य असावी.

नेतृत्वासाठी ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातील ‘एथ वडील जे जे करिती, तया नाम धर्मु ठेविती, तेंचि येर अनुष्ठिती, सामान्य सकळ’ या ओवीच्या तोडीचे वचन सापडणे कठीण. थोरांच्या वागण्यालाच लोक धर्म समजतात आणि तसेच वागू लागतात, एवढा तिचा अर्थ. फलक लिहिणाऱ्या शिक्षकालाही ती लागू पडते.

वचन खरे कोणाचे आहे हे तपासणे हे या कामातले सर्वांत कष्टाचे अंग. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत विवेकानंद, चाणक्य आणि तुकाराम यांच्या नावावर काहीही खपवले जाते. पहिली कसोटी नाममुद्रेची : तुकारामांच्या अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, एकनाथांच्या ‘एका जनार्दनी’, नामदेवांच्या ‘नामा म्हणे’, तर सोहिरोबांच्या पदात ‘सोहिरा म्हणे’ येते. मुद्रा असली म्हणजे वचन अस्सलच असे नाही, पण मुद्रेचे कडवे मिळाले की गाथेत शोधणे सोपे जाते. दुसरी कसोटी शब्दांची. संतांच्या नावावरच्या ओळीत ‘आत्मविश्वास’, ‘सकारात्मक’ असे शब्द आले तर ती ओळ आजची समजावी. तिसरी कसोटी मूळ स्थळाची. ‘उत्तिष्ठत जाग्रत’ हे वचन विवेकानंदांनी घरोघरी पोहोचवले, पण ते कठोपनिषदातील आहे. तेव्हा खाली दोन्ही नावे लिहावीत. अध्याय किंवा समास (दासबोधातील प्रकरण) सापडला नाही, तर त्या दिवशी वचन बाजूला ठेवून साधी मराठी म्हण लिहिणे अधिक प्रामाणिक.

महिन्याला साधारण 25 वचने लागतात. ती रोज सकाळी घाईत शोधण्यापेक्षा महिन्याच्या आरंभी एकत्र निवडावीत आणि एक आठवडा एकाच विषयाला द्यावा. विशेष दिवस आधीच मोकळे ठेवावेत : विवेकानंद जयंती (12 जानेवारी), तुकाराम बीज, गोवा क्रांतिदिन (18 जून), आषाढी एकादशी, गोवा मुक्तिदिन (19 डिसेंबर). वास्कोत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदर सप्ताह हा अखंड भजनाचा उत्सव सुरू होतो, तेव्हा तिथल्या फलकावर अभंगाखेरीज दुसरे काही शोभत नाही. क्रांतिदिनी मात्र नेत्यांच्या तोंडी खात्री नसलेली वाक्ये घालण्याचा मोह टाळावा. ‘18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली’ हे एक वाक्य धैर्याविषयी पुरेसे सांगते.

फळा 4 फूट रुंद, 3 फूट उंच असावा. दर 10 फुटांच्या अंतरामागे 1 इंच उंचीचे अक्षर या हिशेबाने प्रार्थनेच्या वेळी 30 फुटांवर उभ्या असलेल्या शेवटच्या रांगेसाठी 3 इंचांचे अक्षर लागते. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंतचे अंतर अक्षराच्या दुप्पट, म्हणजे 6 इंच धरावे. अशा चार ओळी 24 इंचांत बसतात आणि उरलेल्या 12 इंचांत वर तारीख, खाली उगम येतो. ओवीचा एकेक चरण एकेका ओळीत बरोबर मावतो. शिरोरेषा आधी ओढू नये. आधी अक्षरे, मग शब्दागणिक रेषा. नाहीतर शब्दांतली जागा मोडते आणि शेवटचा शब्द कडेला चेंगरतो. शुद्धलेखनात ‘आशिर्वाद’, ‘परिक्षा’ या चुका वारंवार होतात (‘आशीर्वाद’, ‘परीक्षा’ हवे). ‘केलेचि पाहिजे’चे ‘केलेच पाहिजे’ करून वचनाचा ठेका घालवणेही तितकेच वाईट.

फळ्याला नवा काळा रंग दिल्यावर तीन दिवस तो सुकू द्यावा. मग खडू आडवा धरून सबंध फळा पांढरा करावा आणि कोरड्या डस्टरने पुसावा. हे न केल्यास पहिल्याच दिवसाची अक्षरे कायमची उमटून राहतात. गोव्याच्या पावसाळ्यात खरी अडचण दमटपणाची. खडू मऊ पडतो, अक्षर फुटते, आणि ओल्या फडक्याने पुसलेला फळा दुपारपर्यंत सुकत नाही. जूनपासून ओले फडके बंद ठेवावे, खडू झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि फळा झड येणाऱ्या बाजूच्या भिंतीवरून हलवावा. साखरेच्या पाण्यात भिजवलेल्या खडूचे अक्षर ठसठशीत उमटते आणि हात लागून पुसले जात नाही, पण ते काढायला ओले फडकेच लागते. त्यामुळे ही युक्ती उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांपुरतीच बरी.

लिहिलेले वचन कोणी मोठ्याने वाचले नाही तर आठवड्याभरात फलकाकडे पाहणे थांबते. दोन मिनिटे पुरतात : एका मुलाने दोनदा वाचावे, दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात अर्थ सांगावा, आणि आज त्यातले काय करता येईल ते तिसऱ्याने सांगावे. घरी एकट्याने हा पाठ ठेवणाऱ्यांनी रोज नवे वचन घेऊ नये. एकच वचन सात दिवस, रोज सकाळी हाताने लिहून काढावे. चौथ्या-पाचव्या दिवशी ते न बघता लिहिता येते, आणि अडचणीच्या क्षणी आठवतात ती अशीच वचने.

वचनांची वही स्वतंत्र असावी. तीत तारीख, वचन, उगम आणि निवडणाऱ्याचे नाव असे चार रकाने असले की पुढच्या वर्षी पुनरावृत्ती टळते आणि चूक निघाल्यास ती कुठून आली हे कळते. पावसाळ्यात वहीला बुरशी आणि कसर लागते. ती बंद कपाटात कडुनिंबाच्या सुक्या पाल्याबरोबर ठेवावी आणि ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की पाने उघडून वाळवावी.