सामनसाठी नदीत पुन्हा ओंडके

हेलिकॉप्टरला लटकवून आणलेलं आख्खं झाड, मुळांच्या जाळ्यासकट, नदीच्या पात्रात उतरवलं जातं. अमेरिकेच्या वायव्येला, ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत, सामन आणि ट्राउट माशांसाठी हे काम आता ठिकठिकाणी चालतं. याच भागातल्या नद्यांमधून 1950 ते 1970 च्या दशकांत असेच ओंडके पैसे खर्चून उपसून काढले होते. काढणारी होती मत्स्यखाती, आणि हेतू होता माशांचं भलं!

लाकूडतोडीचा पालापाचोळा, फांद्या, साली तेव्हा सर्रास ओढ्यांत पडायच्या. त्यांचे ढीग कुजून पाण्यातला ऑक्सिजन कमी व्हायचा आणि समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सामनची वाट अडते असं मानलं जायचं. काही ठिकाणी ते खरंही होतं. पण मग तोडीचा कचरा कुठला आणि शतकानुशतकं पडून असलेलं झाड कुठलं, हा भेद न करता सरसकट सगळंच काढलं गेलं. बराचसा घाव तर त्याआधीच बसला होता. तोडलेली झाडं खाली न्यायला ओढ्यांवर लाकडी बंधारे घालत, मागे पाणी आणि ओंडके साठवत आणि फाटक उघडून सगळं एकदम सोडून देत. एकट्या पश्चिम ऑरेगनमध्ये असे 200 हून अधिक बंधारे होते. प्रत्येक लोंढ्यासरशी नदीचा तळ खरवडून निघे. ऑरेगनमधल्या विलामेट नदीत बोटींना अडथळा नको म्हणून 1870 ते 1950 या काळात पात्रात अडकलेली आणि काठावरची मिळून 65 हजारांहून अधिक झाडं हटवली गेली.

उरली ती सरळ, मोकळी, वेगानं वाहणारी नदी. आपल्या डोळ्यांना ती स्वच्छ दिसते. माशांना मात्र तिच्यात थांबायला जागा नसते.

वाहत्या पाण्यात ओंडका आडवा पडला की पाणी त्याच्यावरून, खालून, बाजूनं वाट काढतं. जिथे ते जोरानं घुसतं तिथला तळ कोरला जाऊन डोह तयार होतो. ओंडक्याच्या मागे पाणी मंदावतं, तिथे वाहत आलेली खडी बसते. सामनची मादी शेपटीनं खड्डा करून अंडी घालते ती अशाच खडीत, वीतभर खोल. खडीच्या फटींतून गार पाणी झिरपत राहिलं तरच अंड्यांना ऑक्सिजन मिळतो. लाकूड नसलेल्या नदीत पूर ही खडी धुऊन नेतो आणि कित्येक ठिकाणी नुसता कातळ उघडा पडतो. अशा कातळावर मादीला खड्डा कुठे करता येणार?

पिल्लांची गरज आणखी वेगळी. पिंक आणि चम जातीच्या सामनची पिल्लं खडीतून बाहेर आली की लवकरच समुद्राची वाट धरतात. कोहो सामनची पिल्लं मात्र वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ नदीतच राहतात. म्हणजे उन्हाळ्यातलं तापलेलं, आटलेलं पाणी आणि हिवाळ्यातले पूर, दोन्ही त्यांना सोसावे लागतात. मुळांच्या जाळ्यामागे थांबलेलं बोटभर पिल्लू पाहिलं तर या लाकडाचं महत्त्व लगेच पटतं. ते संथ पाण्यात जवळजवळ स्थिर असतं, हातभर अंतरावरच्या जोरदार प्रवाहातून किडा वाहत आला की झेप घेऊन तो टिपतं आणि परत आडोशाला येतं. ताकद कमी खर्ची पडते, खाणं भरपूर मिळतं, शिवाय वरून टपलेल्या बगळ्यापासून लपायला छप्पर. मला हा जागेचा प्रश्न खाण्याच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो.

खाणंही लाकूडच अडवून ठेवतं. पानगळ, काटक्या आणि अंडी घालून मेलेल्या मोठ्या सामनची कलेवरं ओंडक्यांत अडकतात. त्यांवर किडे पोसले जातात आणि त्या किड्यांवर पिल्लं.

हे सगळं 1970 च्या दशकापासून उलगडत गेलं. ऑरेगनमधल्या एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलात फ्रेड स्वॉन्सन, जिम सेडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या जंगलातल्या ओढ्यांमधलं लाकूड अक्षरशः मोजलं, मापलं. ज्याला कचरा समजत होते त्यावरच त्या ओढ्यांची घडण उभी होती.

परत लाकूड टाकायचं तर नुसता ओंडका ढकलून भागत नाही, पहिल्या मोठ्या पुरात तो वाहून जातो. ऑरेगनमध्ये साधारण ठोकताळा असा आहे: मुळं नसलेला ओंडका पात्राच्या रुंदीच्या दुप्पट लांब हवा, मुळांसकट असेल तर दीडपट पुरतो. मुळं गोट्यांत रुततात आणि जहाजाच्या नांगरासारखं धरून ठेवतात. लाकूडही पाहावं लागतं. डग्लस फर किंवा रेड सीडर या शंकुवृक्षांचं लाकूड पाण्यात दीर्घकाळ टिकतं, रुंद पानांच्या आल्डरचं लवकर कुजतं. जिथे खाली पूल किंवा वस्ती आहे तिथे ओंडके सुटून येऊ नयेत म्हणून अभियंते हिशेब करून त्यांची रचना बांधतात.

मोठे ओंडके नसतील तरी काम होतं. ऑरेगनमधल्या ब्रिज क्रीकवर संशोधकांनी पात्रात लाकडी खुंट ठोकून, मध्ये फांद्या विणून बीव्हरच्या, म्हणजे फांद्या रचून ओढे अडवणाऱ्या प्राण्याच्या, धरणांसारखे बांध घातले. बीव्हर आले आणि त्यांनी त्यावर स्वतःचं बांधकाम चढवलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या स्टीलहेड या समुद्रात जाऊन परतणाऱ्या ट्राउटच्या पिल्लांची संख्या वाढली, जगण्याचं प्रमाणही वाढलं आणि माशांच्या ये-जा करण्यात अडथळा आला नाही. वाट अडते ही जुनी भीती निदान तिथे तरी खोटी ठरली.

पण वर काठावर सावली नसेल, पाणी तापत असेल किंवा रस्त्याखालची मोरी माशांना ओलांडता येत नसेल, तर पात्रातले ओंडके एकटे पुरे पडत नाहीत. डोहात मासे दिसले म्हणजे नदीतले मासे वाढलेच असंही नाही, कधी ते आजूबाजूचेच तिथे गोळा झालेले असतात. म्हणून पिल्लांची मोजणी अनेक वर्षं, लाकूड न टाकलेल्या ओढ्याशी ताडून करावी लागते. आणि काठावरची झाडं तोडलेलीच राहिली तर टाकलेलं लाकूड कुजल्यावर त्याच्या जागी नवं पडणार कुठून? त्यामुळे जाणती मंडळी ओंडक्यांबरोबरच काठावर शंकुवृक्ष लावतात. त्यांचे बुंधे पुरेसे जाड होऊन आपसूक नदीत पडायला शतकभर तरी लागेल, तोवर बाहेरून ओंडके आणावे लागतील.