नगरपरिषदेकडून सार्वजनिक आरोग्याच्या नोंदी कशा मागवाव्यात: अर्ज, कागदपत्रे, शुल्क आणि अपील

पावसाळ्यात एखाद्या प्रभागात काविळीचे किंवा गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले की नगरपरिषदेकडून ठरलेले उत्तर येते: पाणी शुद्ध आहे, नागरिकांनी घाबरू नये. हे उत्तर पडताळून पाहण्याचे कागद त्याच इमारतीत असतात. पाण्याच्या तपासणीचे अहवाल, औषध फवारणीची नोंदवही, जन्म-मृत्यूची आकडेवारी हे सगळे आपल्या करातून पगार घेणाऱ्यांनी लिहिलेले असते, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार ते मागता येते. मात्र नेमकी कोणती वही हवी हे अर्जात लिहावे लागते. ‘आरोग्याबाबत सर्व माहिती द्यावी’ अशा अर्जाला तितकेच मोघम उत्तर मिळते.

कोणती नोंद कोणाकडे असते

बरेचसे अर्ज चुकीच्या टेबलावर पोचल्यामुळे लांबतात, म्हणून हे आधी समजून घ्या. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जलशुद्धीकरण केंद्राची रोजची नोंदवही, टीसीएल पावडरचा (पाणी निर्जंतुक करण्याच्या ब्लीचिंग पावडरचा) साठा आणि वापर, गळतीच्या तक्रारी आणि ओटी टेस्टची नोंदवही असते. ओटी टेस्ट म्हणजे नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहणे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू अजिबात सापडता कामा नये. जिवाणूंच्या तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेत जातात आणि त्यांचा लेखी अहवाल नगरपरिषदेला येतो. हा अहवाल सगळ्यात मोलाचा. तो ‘पिण्यास अयोग्य’ असा आला असेल, तर त्यानंतर काय कार्यवाही झाली त्याचे कागदही सोबतच मागावेत.

आरोग्य किंवा स्वच्छता विभागाकडे धूर फवारणीचे वेळापत्रक, डासअळ्यांचे घरोघर सर्वेक्षण, कीटकनाशकांची खरेदी आणि जन्म-मृत्यू नोंदणी असते. गावातले ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय मात्र नगरपरिषदेचे नसते, ते राज्य शासनाकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असते. महानगरपालिकेचे चित्र वेगळे आहे: तिची स्वतःची रुग्णालये असतात, आणि शहरातल्या खासगी रुग्णालयांची १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालची नोंदणीही तिच्याच आरोग्य विभागाकडे असते. तुमच्या भागातल्या नर्सिंग होमची नोंदणी चालू आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, हे तिथे विचारता येते.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो परत पाठवायचा नसतो. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो.

हद्दीचाही विचार करा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतल्या पाण्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. अलीकडच्या वर्षांत महापालिकेत आलेल्या गावांच्या बाबतीत जुन्या नोंदी ग्रामपंचायतीच्या काळातल्या असतात. कोणत्या तारखेपासूनची नोंद हवी हे लिहिताना गाव कधी समाविष्ट झाले ते लक्षात घ्या.

कोण अर्ज करू शकतो, काय जोडावे लागते

भारताचा कोणताही नागरिक. त्या शहरात राहत असण्याची अट नाही, घरपट्टी भरलेली असण्याचीही नाही. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या आईवडिलांच्या गावच्या पाण्याबद्दल विचारू शकतो. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड घेतलेल्यांना मात्र हा हक्क नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही, आणि कोणी खिडकीवर विचारलेच तर कलम ६(२) दाखवा.

कागद फारसे लागत नाहीत. ‘जोडपत्र अ’ या नमुन्यातला अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दारिद्र्यरेषेखालील असाल तर त्या दाखल्याची प्रत. दाखला जोडल्यास अर्जाचे आणि प्रतींचे शुल्क लागत नाही. १० रुपये रोखीने किंवा डिमांड ड्राफ्टनेही भरता येतात, पण रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माहितीच्या प्रतींना साध्या आकाराच्या पानामागे २ रुपये पडतात. राज्य शासनाच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवर तुमची संस्था दिसत असेल तर तिथूनही अर्ज आणि शुल्क भरता येते.

अर्ज लिहिताना

महाराष्ट्राच्या २०१२ च्या दुरुस्ती नियमांनी एका अर्जात एकच विषय आणि मजकुराला १५० शब्दांची मर्यादा घातली आहे. म्हणून पाणी आणि डास यांचे अर्ज वेगळे करा. ‘का’ आणि ‘कसे काय’ असे प्रश्न टाळा. माहिती अधिकारी दप्तरात असलेली माहितीच द्यायला बांधील असतो, खुलासा करायला नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे गढूळ पाणी का येते?’ असे न विचारता पुढीलप्रमाणे लिहावे:

«विषय: प्रभाग क्र. … मधील पिण्याच्या पाण्याची तपासणी. कालावधी: १ जून ते ३० सप्टेंबर. आवश्यक माहिती: (१) वरील कालावधीतील ओटी टेस्ट नोंदवहीतील पानांच्या साक्षांकित प्रती, ज्यात ठिकाण, तारीख, वेळ व निष्कर्ष नमूद आहेत. (२) प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या पाणी नमुन्यांच्या सर्व अहवालांच्या प्रती. (३) अयोग्य आलेल्या नमुन्यांबाबत केलेल्या कार्यवाहीची टिपणी व पत्रव्यवहार. (४) टीसीएल साठा नोंदवहीची प्रत.»

पाने शेकड्यांनी असतील तर आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. वही समोर ठेवून हवी ती पाने निवडली की खर्च वाचतो, आणि वही रोज भरली जाते की महिनाअखेरीस एकाच शाईत एकाच बैठकीत, हेही दिसते. कलम २(ञ) मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

अर्ज समक्ष दिला तर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. माहिती देण्याची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

काय मिळणार नाही

रुग्णांची नावे, पत्ते, त्यांचे आजार मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. शेजाऱ्याला क्षयरोग आहे का हे कळणे हा कोणाचा हक्क नाही. कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीला संरक्षण देते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते आणखी कडक केले. पण या कलमाचा आडोसा घेऊन प्रभागनिहाय आकडेही नाकारले जातात, आणि ते चूक आहे. अर्जातच लिहा: ‘नावे व ओळख पटवणारा तपशील वगळून, कलम १० प्रमाणे उर्वरित माहिती द्यावी.’ व्यापक जनहित मोठे असेल तर कलम ८(२) चा आधार घेता येतो.

मृत्यूच्या कारणाबाबत एक वेगळा नियम आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे कलम १७ सांगते की मृत्यू नोंदीच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. वर्षभरात कोणत्या कारणाने किती मृत्यू नोंदले गेले ही एकत्रित संख्या मात्र मागता येते. आपल्या घरच्या माणसाच्या मृत्यूचे कारण हवे असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक आहे.

आणि स्वतःचे केसपेपर हवे असतील तर माहिती अधिकाराच्या वाटेने जाऊच नका. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना साधा लेखी अर्ज पुरतो.

उत्तर आले नाही तर

माहिती ३० दिवसांत यायला हवी, अर्ज वर्ग झाला असेल तर ३५. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. साथ ऐन भरात असताना ही ४८ तासांची तरतूद जरूर नमूद करा, पण धोका नेमका कोणाला आणि कशाने हे दोन ओळींत लिहा. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते, म्हणून उशिरा आलेले पैसे भरण्याचे पत्र पाहून लगेच पैसे भरू नका.

उत्तर नाही, अर्धवट आहे किंवा नाकारले, तर ३० दिवसांच्या आत त्याच संस्थेतल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ‘जोडपत्र ब’ मध्ये अपील करा. स्टॅम्प २० रुपयांचा. निर्णय ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हायचा असतो. तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागातल्या खंडपीठाकडे द्वितीय अपील. आयोगाकडे प्रकरणे तुंबलेली आहेत, त्यामुळे पहिले अपीलच नीट तयारीने लढवा: मागितलेला प्रत्येक मुद्दा आणि त्याला मिळालेले उत्तर समोरासमोर मांडा. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो, आणि तो त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर आले तर तिथेच थांबू नका. अपिलात विचारा: वही लिहिलीच नव्हती, हरवली, की नष्ट केली? नष्ट केली असेल तर कोणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेला, त्या आदेशाची प्रत द्यावी. सरकारी दप्तर मनाला येईल तेव्हा रद्दीत घालता येत नाही, त्यासाठी राज्यात सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. आणि पाण्याची तपासणी नोंदवहीच नाही असे नगरपरिषदेने लेखी दिले, तर तो कागद जपून ठेवा आणि त्याची प्रत मुख्याधिकारी व जिल्हाधिकारी या दोघांनाही पाठवा.