स्नॅपशॉटमधून फाइल काढा, अख्खा व्हॉल्यूम मागे नेऊ नका

स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी डेटा जसा होता तशी गोठवून ठेवलेली स्थिती, हे नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचं स्टोरेज) वापरणाऱ्याला माहीत असतं. तो बॅकअप नाही, हेही बहुतेकांना पाठ आहे: त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेल्या की तोही गेला. तरीही फाइल उडाली की "रोलबॅक मार", म्हणजे अख्खा व्हॉल्यूम (स्टोरेजचा तो सगळा भाग) जुन्या स्नॅपशॉटच्या स्थितीत ने, हा सल्ला मी कायम ऐकतो आणि दरवेळी जीव खालीवर होतो.

फोर्टमधलं एखादं सीएचं ऑफिस घ्या. जुलैची अखेर, रिटर्न भरायची घाई, सगळे एकाच शेअरवर, म्हणजे सामायिक फोल्डरवर. दुपारी चारला कुणाची तरी एक्सेल शीट डिलीट होते. सकाळी नऊच्या स्नॅपशॉटवर रोलबॅक केलात, तर ती शीट येईल आणि नऊनंतर सगळ्यांनी केलेलं काम पुसलं जाईल. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये तर रोलबॅक फक्त सर्वांत ताज्या स्नॅपशॉटवर होतो. त्याहून जुन्यावर जायला 'आर' पर्याय द्यावा लागतो, आणि तो मधले सगळे स्नॅपशॉट नष्ट करतो. म्हणजे चूक कळल्यावर परतायची वाटही उरत नाही.

एका फाइलसाठी फक्त कॉपी करा. स्नॅपशॉट रीड-ओन्ली असतो. त्यातून कितीही कॉपी करा, त्याला धक्का लागत नाही. विंडोजमध्ये फाइलच नाहीशी झाली असेल तर ती ज्या फोल्डरमध्ये होती त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' उघडा, वेळ निवडा आणि 'ओपन' दाबा. शेजारचं 'रिस्टोअर' नको. ते जुन्या प्रती आजच्या फाइलींवर चढवतं. लिनक्सवर झेडएफएसचं टिंबवालं 'झेडएफएस' फोल्डर (.zfs) यादीत सहसा दिसत नाही, पण पाथ टाइप केला की आत जाता येतं. नेटॲप कंपनीच्या स्टोरेजवर टिंबवालं 'स्नॅपशॉट' फोल्डर (.snapshot) शोधा. काढलेली प्रत आधी वेगळ्या नावाने ठेवा, उघडून तपासा, मगच जुन्या जागी न्या. नाव न बदलता थेट पेस्ट करणं मला अजिबात पटत नाही.

रोलबॅकची वेळ येते ती रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) अख्खा शेअर एन्क्रिप्ट केला किंवा अपग्रेडने सगळाच डेटा बिघडवला तेव्हा. तेव्हाही आधी शेअर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा. झेडएफएस असेल तर त्या स्नॅपशॉटचा क्लोन करून आतला डेटा नीट आहे का ते पाहा. क्लोनवर लिहिता येतं आणि मूळ व्हॉल्यूम तसाच राहतो.